स्मरणशक्ती : दहापैकी तीन

३ मार्च, सोमवार
ट्रेनिंग संपलं. दोन दिवसांचं होतं. सर्टिफिकेट मिळालं, शिवाय गळ्यात अडकवायचा बिल्ला. त्यावर माझा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘सोबती’. फोटोत कान जरा जास्तच आलेत, पण एकूण चेहरा आधार वाटावा असा आहे.

घरी बिल्ला घालूनच जेवायला बसलो. ही म्हणाली, काढा तो, ताटात लोळतोय.

नोंदणी खात्यात एकतीस वर्षं काढली. रिटायर झाल्यापासून सहा महिन्यांत हिने निदान नऊ वेळा सुचवलं की दहा ते चार कुठेतरी जात जा. समाजाला माझी गरज आहे, हे तिला माझ्याआधी कळलं.

ट्रेनिंगमध्ये सांगितलं, म्हाताऱ्या माणसाची सोबत म्हणजे ऐंशी टक्के ऐकणं. मला हा मुद्दा इतका पटला की उठून त्यावर वीस मिनिटं बोललो. शिकवणारी सुपरवायझर (तिशीची असेल, पण तरतरीत) शेवटी म्हणाली, काका, चहा गार होतोय.

संकल्प : वेळ पाळणे. संयम. ऐकणे. रोजनिशी लिहिणे.

४ मार्च, मंगळवार
पहिला दिवस. पंधरा मिनिटं उशीर. बसचा दोष.

बाई एकोणऐंशी वर्षांच्या. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं. मिस्टर गेले, दुकान विकलं, गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हातात काठी आली. मुलगा एकुलता एक, परगावी असतो. तोच काळजीपोटी आमच्या कंपनीची सेवा घेतोय. माझं काम : गप्पा, फिरायला नेणं, गोळ्यांवर लक्ष.

मी प्रेमाने आजी म्हणून हाक मारली. म्हणाल्या, मी तुमच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठी आहे, तुमची आजी कशी होईन? आकडेमोड बरोबर होती. आता बाई म्हणायचं ठरलं. त्या मला ‘अहो, सोबती’ म्हणतात.

दोन तास गप्पा मारल्या. खात्यातल्या १९९८ च्या फेररचनेबद्दल सविस्तर सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी डोळे मिटले. पहिल्याच दिवशी एवढा विश्वास!

६ मार्च, बुधवार (दुरुस्ती : गुरुवार)
रोज चार वाजता फोनवरच्या अ‍ॅपमध्ये रिपोर्ट भरायचा असतो. दहा रकाने : चालणं, जेवण, स्मरणशक्ती, मूड वगैरे. प्रत्येकाला दहापैकी मार्क आणि खाली शेऱ्यासाठी जागा. मी मनापासून खूश. रकाना दिसला की माझा हात आपोआप शिवशिवतो.

ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणे स्मरणशक्ती तपासली. सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, आज वार कुठला? बाई म्हणाल्या, गुरुवार. मी प्रेमाने समजावलं की बुधवार आहे. त्यांनी वर्तमानपत्र पुढे केलं. गुरुवार निघाला. पण तोवर मी स्मरणशक्तीला तीन मार्क देऊन बसलो होतो. शेरा : ‘वारावरून गोंधळ.’ गोंधळ झाला होता, हे खरंच आहे.

७ मार्च, शुक्रवार
विचारांती तीन हाच आकडा योग्य वाटतो. खात्यातले आमचे मोठे साहेब म्हणायचे, पहिल्या तिमाहीत आकडे कमी दाखवा, म्हणजे पुढे काम केलेलं दिसतं. एकतीस वर्षं आम्ही तेच केलं आणि एकतीस वर्षं प्रगती झाली.

तेव्हा बाईंना सगळीकडे तीन-चार. दर पंधरवड्याला एकेक मार्क वाढवायचा. मेअखेर सगळीकडे आठ. सुपरवायझरला आलेख दिसेल, खालून वर जाणारा. आलेखाच्या मागे मी.

१० मार्च, सोमवार
बाईंच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून दिल्या. त्यांनी चष्मा लावला, सगळ्या टेबलावर ओतल्या आणि पुन्हा भरल्या. म्हणाल्या, तुम्ही सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे बीपीची गोळी घातलीत, बुधवारपर्यंत मी आडवी झाले असते. जरा हेकट आहेत. ‘स्वतःची काळजी’ : चार. शेरा : ‘औषधांच्या बाबतीत ऐकत नाहीत.’

मधूनच बेल वाजली. खालच्या मजल्यावरची बाई डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायला आली होती. मग समोरचा टेलर आला. बिल्डिंगमधलं कोणीही, नवीन औषध सुरू झालं की, आधी यांच्याकडे येतं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्या प्रत्येकाला सांगतात, हे जेवणाआधी, हे जेवणानंतर. जाताना टेलर मला म्हणाला, नशीबवान आहात, बाईंची सोबत मिळाली. लोकांना कोण कोणाची सोबत करतंय हेच समजत नाही.

१२ मार्च, बुधवार
बागेत फिरायला नेलं. दुसऱ्या फेरीत मला जरा दम लागला. रात्री झोप नीट झाली नव्हती. बाकावर बसलो. बाईंनी काठी टेकत आणखी दोन फेऱ्या मारल्या आणि येताना कोपऱ्यावरून माझ्यासाठी पाण्याची बाटली आणली.

रिपोर्टमध्ये प्रश्न होता : फिरताना थकवा जाणवला का? ‘हो’ वर टिक केली. मध्ये थांबावं लागलं का? ‘हो.’ खोटं लिहिणं माझ्या रक्तात नाही.

१४ मार्च, शुक्रवार
सुपरवायझरचा फोन. म्हणाली, काका, तुमच्याइतके बारीक रिपोर्ट कोणी लिहीत नाही. बाकीचे सोबती नुसतं ‘ठीक’ लिहून सोडतात. शिवाय रिपोर्ट रोज संध्याकाळी बाईंच्या मुलाच्या फोनवर जातो, तो अक्षरन् अक्षर वाचतो.

एकतीस वर्षांत माझं लिखाण कोणी वाचल्याचं आठवत नाही. हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं झालं, मला वाचून दाखवणं थांबेल.

आजपासून शेरे जरा फुलवून लिहायचे ठरवलं. आजचा : ‘खिडकीपाशी बराच वेळ शून्यात पाहत होत्या.’ समोरच्या दुकानाची पाटी रंगवत होते, ते त्या पाहत होत्या. पण शून्यात जास्त उठाव आहे.

१७ मार्च, सोमवार
मुलाचा फोन आला, थेट मला. काका म्हणतो. आवाज फार साधा, दमलेला. म्हणाला, आईशी फोनवर बोलताना तर ती चांगली वाटते, मग स्मरणशक्तीला तीन कसे?

आता त्याला खात्याची पद्धत काय समजावणार? म्हणालो, फोनवर कळत नाही हो, सहवासात कळतं. तो म्हणाला, तुम्ही आहात म्हणून निदान खरं समजतंय. गहिवरून आलं मला.

संकल्प : उद्यापासून स्मरणशक्ती चार. पण एकदम वाढवली तर संशय येईल. सोमवारी वाढवू.

१८ मार्च, मंगळवार
लहानसा प्रकार घडला.

म्हातारपणी तोल जाऊन पडू नये म्हणून एका पायावर उभं राहायचा व्यायाम असतो. तो करून दाखवत होतो, बाईंच्या स्वयंपाकघरात. डोळे मिटून केला तर जास्त गुण येतो असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. की मिटू नका असं सांगितलं होतं? पडलो. उजवा घोटा मुरगळला. जाता जाता एक बरणी गेली.

बाईंनी खुर्ची दिली, फ्रीजरमधलं मटारचं पाकीट टॉवेलात गुंडाळून घोट्यावर ठेवलं, मग क्रेप बँडेज इतकं सफाईने बांधलं की काय सांगावं. वर चहा. काचाही त्यांनीच गोळा केल्या, मला पाय उचलायला लावून. चार बिस्किटं खाल्ली. धक्क्यानंतर साखर लागते.

लंगडत घरी आलो, तरी रिपोर्ट भरला. कर्तव्य ते कर्तव्य. प्रश्न : आज घरात कोणी पडण्याची घटना घडली का? ‘हो.’ दुखापत कुठे? ‘उजवा घोटा, सूज.’ कारण? ‘तोल गेला.’ उपचार? ‘बर्फ, बँडेज, धीर.’

दुसरा कोणी असता तर लपवलं असतं.

२० मार्च, गुरुवार
काल सुट्टी घेतली. आज सुपरवायझरचा फोन, पाय कसा आहे? म्हणालो, सूज उतरलीय, जिन्यावर थोडं दुखतं. एवढी आपुलकी पाहून बरं वाटलं. मग तिने विचारलं, रात्री बाथरूमला जाताना बाईंबरोबर कोणी असतं का?

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोण पडलं, हा रकानाच अ‍ॅपमध्ये नाही. कंपनीच्या मते या घरात पडणारं माणूस एकच आहे.

त्याच क्षणी सांगणार होतो. पण पडू नये म्हणून शिकवायला गेलेला माणूसच पडला, हे फोनवर नीट मांडता येत नाही. समोरासमोर बोललेलं बरं. भरलेला रिपोर्ट बदलताही येत नाही, त्यासाठी ऑफिसला कळवावं लागतं. उद्या फोन करायचा. नक्की.

२१ मार्च, शुक्रवार
शुक्रवारी ऑफिसात घाई असते. सोमवारी.

२४ मार्च, सोमवार
सकाळी फोन हातात घेतला होता, तेवढ्यात बाईंनीच विषय काढला. म्हणाल्या, तुम्ही रोज त्या फोनवर काय लिहिता? मी म्हणालो, नेहमीचंच.

काल मुलाने त्यांना तीनदा विचारलं म्हणे, आज वार कुठला. बोलताना आवाज असा, जणू लहान मुलाशी बोलतोय. मग एका इमारतीचा फोटो पाठवला. पुढे हिरवळ, वर ‘ज्येष्ठांसाठी निवास’ अशी पाटी. शनिवारी तो येतोय. सुपरवायझरही येणार. बसून ठरवायचं आहे.

बाई पहिल्यांदाच माझ्याशी सलग इतकं बोलल्या. म्हणाल्या, मला हे घर सोडायचं नाही. इथे मला कोणी काही विचारायला येतं. तिथे सगळे मलाच विचारणार, जेवलात का, झोपलात का, वार कुठला. काठी घेऊन मी सगळं करते, तुम्ही रोज बघता. मग म्हणाल्या, तुम्ही सांगाल ना त्याला, खरं काय ते?

म्हणालो, म्हणजे काय, मी असताना तुम्ही कशाला काळजी करता? मग उठून दोन ग्लास पाणी प्यालो. हवा कोरडी आहे.

आज स्मरणशक्तीला एकदम नऊ देणार होतो. पण तीनवरून नऊ म्हणजे अ‍ॅप लाल खूण दाखवतं, ‘आकडा तपासा.’ घाबरून तीनच ठेवले.

२७ मार्च, गुरुवार
शनिवारसाठी निवेदन लिहिलं. तीन पानं. पार्श्वभूमी, वस्तुस्थिती, खुलासा, समारोप. खुलाशात ‘सदर घटनेत पडलेली व्यक्ती प्रस्तुत लेखक होय’ असं स्पष्ट आहे. दोनदा आरशासमोर म्हटलं. तिसऱ्यांदा ही म्हणाली, कोण पडलं? म्हणालो, कोणी नाही.

२९ मार्च, शनिवार
बैठक झाली.

मुलगा उंच, खांद्यात वाकलेला. रात्रभर प्रवास करून आला होता. आल्या आल्या त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. सुपरवायझरने टॅबलेटवर आलेख दाखवला. खालून वर जाणारा नव्हता. जमिनीवर सरपटत होता. तीन, चार, तीन, तीन. थकवा, शून्यात पाहणं, औषधांना विरोध, आणि अठरा तारखेला लाल ठिपका, पडणे.

बाई ताठ बसल्या होत्या. म्हणाल्या, मी पडले नाही, हे पडले. मंगळवार, अठरा तारीख, अकरा वाजून वीस मिनिटं, डाव्या पायावर उभे होते. मुलाने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, हो आई. बाई म्हणाल्या, हो आई नको, त्यांना मोजा काढायला सांग.

क्षणभर सगळे माझ्याकडे पाहू लागले. निवेदन खिशात होतं. हातही खिशात गेला होता. एवढ्यात सुपरवायझर म्हणाली, काका, वाईट वाटून घेऊ नका, या अवस्थेत पेशंट जवळच्या माणसावरच आळ घेतात. तुमचं नाव तर आम्ही या तिमाहीच्या उत्कृष्ट सोबतीसाठी पाठवलंय. मुलगा म्हणाला, आईच्या वतीने मी माफी मागतो.

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. म्हणालो, छे छे, वय आहे, व्हायचंच.

बाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या.

३० मार्च, रविवार
कालचा शांतपणे विचार केला. बोलायला वावच दिला नाही कोणी. अजेंड्यावर माझं निवेदन नव्हतं. शिवाय मुलगा इतका थकलेला, त्याला आणखी तीन पानं ऐकवणं माणुसकीला धरून नव्हतं. निवासाचा फोटोही पाहिला, हिरवळ खरोखर चांगली आहे.

जेवण गेलं नाही. उन्हामुळे असेल.

६ एप्रिल, रविवार
बाईंना निवासात हलवलं. खोकी उतरवायला गेलो होतो. टेलर, खालच्या मजल्यावरची बाई, सगळे जिन्यात उभे होते. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. मुलगा कपाटं रिकामी करताना मध्येच बसला आणि डोळे पुसत म्हणाला, काका, बरोबर करतोय ना मी?

बरोबर आहे, असं म्हणालो.

बाईंनी फ्रीजचं बटण बंद केलं, गॅस तपासला, दोन्ही किल्ल्या मुलाच्या हातात मोजून दिल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही.

११ एप्रिल, शुक्रवार
उत्कृष्ट सोबतीचं प्रमाणपत्र आलं, टपालाने. जाड कागद, सोनेरी किनार. हिने विचारलं, कशाबद्दल मिळालं? मी थापा मारायला सुरुवात केली आणि मधेच सगळं खरं सांगून बसलो. मार्क, मटार, मोजा, सगळं.

वाटलं, हसेल. एरवी माझ्या प्रत्येक फजितीला हसते. ती उठली, ओट्यापाशी जाऊन भांडी घासू लागली. पाठमोरीच म्हणाली, तुमच्या त्या कागदावर मलाही कधी मार्क दिले असतील तर फाडून टाका.

मग म्हणाली, जाऊन लिहून द्या त्यांना.

२० एप्रिल, रविवार
गेल्या रविवारी जाणार होतो, बस चुकली. आज गेलो.

निवेदनातून पार्श्वभूमी आणि समारोप काढून टाकले. चार ओळींचं पत्र उरलं : पडलो मी, मार्क मनाचे, बाईंना काही झालेलं नाही. सही, तारीख. ठरवलं होतं, पत्र बाईंच्या हातात द्यायचं, माफी मागायची. पुढे काय करायचं ते त्या ठरवतील.

बाईंची खोली निवासाच्या चौथ्या मजल्यावर. स्वच्छ आहे. फिनेलचा वास. कॉरिडॉरमध्ये भिंतीलगत खुर्च्या, त्यात माणसं. बाई दुसऱ्या टोकाला, शेजारणीजवळ बसलेल्या. शेजारणीच्या हातात गोळ्यांची पट्टी आणि बाई तिला काहीतरी समजावत होत्या. चष्मा नाकावर, बोट पट्टीवर. क्षणभर त्यांचं ते खिडकीपाशी बसणंच आठवलं. मला एकदम मोकळं वाटलं. पुढे झालो, नमस्कार केला, म्हणालो, बाई, मी.

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नीट पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत. घोट्यापाशी नजर जरा थांबली. मग ड्यूटीवरच्या नर्सला हाक मारून शांतपणे म्हणाल्या, हे गृहस्थ कोण आहेत? मी यांना ओळखत नाही.

मी बिल्ला दाखवला. म्हणाल्या, छान आहे. आणि पुन्हा शेजारणीकडे वळल्या.

नर्स भली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, मनाला लावून घेऊ नका, अशी माणसं विसरतात, आपण समजून घ्यायचं. फॉर्म काढला. नातं विचारलं. मी म्हणालो, नाही, नातं काही नाही. तिने लिहिलं, ‘ओळखीची व्यक्ती ओळखली नाही.’ स्मरणशक्तीपुढचा तीनचा आकडा खोडला आणि दोन केला.

पत्र खिशात होतं. हात तिथवर गेलाही होता. नर्स म्हणाली, काही द्यायचं आहे का? मी म्हणालो, नाही.

लाज वाटली. पहिल्यांदाच लिहितोय हा शब्द, या वहीत.

बाईंच्या स्मरणशक्तीला दहापैकी दहा आहेत, हे त्या मजल्यावर दोनच माणसांना माहीत होतं. त्यातली एक शेजारणीला सांगत होती की ही गोळी दुधाबरोबर घ्यायची नाही, आणि दुसरा लिफ्टची वाट पाहत उभा होता.